ऑगस्टमधलं स्कीइंग : पोर्तियोचा आठवडा ठरवताना

ऑगस्टमध्ये चिलीला स्कीइंगला चाललोय असं सांगितलं की डॅलसमधले आपले लोक आधी फोनवर तापमान बघतात आणि मग आपल्याकडे. बाहेर चाळीस डिग्री, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतो आणि ही बाई स्कीच्या बुटांबद्दल बोलतेय. मग कुणाची तरी ट्यूब पेटते की अरे हो, तिकडे खाली आता हिवाळा असणार. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला, "पण मग कोलोरॅडो काय वाईट आहे?" वाईट काहीच नाही हो, आम्ही दर हिवाळ्यात तिकडेच जातो, पण शनिवारी सकाळी डेन्व्हरहून आय-सेव्हन्टी हायवेवर निघून बघा, बर्फ कमी आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे जास्त, मग पार्किंग, मग शटल, मग लिफ्टची रांग आणि दुपारी सूपचा वाडगा हातात घेऊन रिकामी खुर्ची शोधत फिरायचं. मला एकदा तरी रांग नसलेल्या डोंगरावर जायचं होतं. "बाकी काही नसलं तरी चालेल," असं मी बोलून बसले आणि नवऱ्याने ते वाक्य नंतर मला इतक्या वेळा ऐकवलंय की विचारू नका, कारण दक्षिण अमेरिकेत शांत जागा शोधायला लागलं की तिथे खरोखरच बाकी काही नसतं.

आधी नावं बरीच होती. अर्जेंटिनातल्या बारिलोचेचं सेर्रो कातेद्राल सगळ्यात गाजलेलं, पण तिथे हिवाळ्यात ब्राझीलचे टुरिस्ट आणि शाळा संपल्याच्या सहलीला आलेली अर्जेंटिनाची पोरं, म्हणजे दंगा. तिथल्याच लास लेन्यासचा डोंगर जबरदस्त, पण तिथे ज्या एका लिफ्टवरून खरा भारी भाग सुरू होतो ती मार्ते नावाची लिफ्ट वारा सुटला की बंद, आणि वारा तिथे सुटतोच. चिलीची राजधानी सांतियागो, तिच्या डोक्यावर व्हाये नेव्हादो, ला पार्वा आणि एल कोलोरादो आहेत, जवळ आहेत हाच त्यांचा फायदा आणि हाच तोटा, वीकेंडला अर्धं शहर वर येतं, इतकं की गर्दीच्या दिवशी तो वळणावळणाचा रस्ता सकाळी फक्त चढायला आणि दुपारनंतर फक्त उतरायला ठेवतात. मला मनातून आवडलं होतं ते दक्षिणेकडचं कोर्रालको, लोन्किमाय ज्वालामुखीच्या उतारावर, आराउकारियाच्या जुन्या झाडांमधून स्की करता येतं, पण त्यासाठी सांतियागोहून तेमुकोला अजून एक विमान आणि पुढे भाड्याची गाडी बर्फातून चालवायची. आम्ही दोघंच असतो तर गेलोही असतो. पण यावेळी दादा-वहिनी पुण्याहून उन्हाळ्यासाठी आमच्याकडे आले होते आणि दादाने जाहीर केलं होतं की तुमच्याबरोबर आम्हीही येणार. दादा गुलमर्गला शिकलाय, बऱ्यापैकी करतो. वहिनीने स्पष्ट सांगितलं, "मी पायाला फळ्या बांधून घेणार नाही, पण येणार."

मग पोर्तियो. सांतियागोपासून साधारण १६० किलोमीटर, अर्जेंटिनाच्या सीमेला जवळजवळ टेकून, २,८८० मीटरवर एक मोठं पिवळं हॉटेल आणि त्याच्यासमोर लागुना देल इंका नावाचं तळं. संपलं. गाव नाही, दुकानांची गल्ली नाही, संध्याकाळी भटकायला बाजार नाही. एका वेळी साडेचारशेच्या आसपास पाहुणे मावतात आणि डोंगरावरही मुख्यतः तेवढेच असतात. हॉटेल १९४९ सालचं आहे, त्याआधी या बाजूने अँडीज ओलांडणारी रेल्वे जायची आणि स्कीवाले लोक तिच्यामुळे इथे पोचायला लागले. नवऱ्याला पटवायला मी १९६६ ची गोष्ट वापरली. त्या साली अल्पाइन स्कीइंगची जागतिक स्पर्धा इथे भरली होती, ऑगस्टमध्ये, आणि दक्षिण गोलार्धात ती तेवढी एकदाच झाली आहे. आदल्या वर्षी वादळात हिमस्खलन होऊन लिफ्ट पार मोडून गेल्या होत्या, तरी वर्षभरात परत उभ्या केल्या आणि तिथे फ्रान्सच्या ज्याँ-क्लोद किलीने डाउनहिलचं गोल्ड मारलं. नवरा खेळाच्या रेकॉर्डवर जगणारा माणूस, त्याला एवढं पुरे झालं.

आता तारखा. इथे बुकिंग रात्रीच्या हिशोबाने होत नाही, आठवड्याच्या हिशोबाने होतं, शनिवार ते शनिवार. त्यात राहणं, लिफ्टचं तिकीट आणि दिवसाचं चार वेळचं खाणं सगळं धरलेलं. चार वेळचं म्हणजे सकाळ, दुपार, रात्र आणि मध्ये पाच वाजताचा चहा, वहिनीचा होकार पक्का झाला तो या चहावर. अर्धा आठवडाही मिळतो, शनिवार ते बुधवार किंवा बुधवार ते शनिवार, आणि दादाचं म्हणणं होतं की आपण अर्धाच घेऊ, उरलेल्या दिवसांत व्हालपारायसो आणि द्राक्षांचे मळे वगैरे बघू. कागदावर छान दिसत होतं. मी अडून बसले. अख्ख्या डोंगरावर झाड नाही, सगळं झाडांच्या रेषेच्या वर, त्यामुळे बर्फ पडायला लागला की वरखाली नुसतं पांढरं, उतार कुठे सुरू होतो तेच कळत नाही, आणि वादळ मोठं असेल तर लिफ्टच बंद ठेवतात. तीन-चार दिवसांसाठी गेलात आणि त्यातले दोन असे गेले तर हात हलवत परत. आठवडा घेतला तर वादळाचे दिवस सोडूनही काहीतरी उरतं, शिवाय वादळानंतरचा दिवस मिळतो आणि खरं तर त्याच दिवसासाठी लोक एवढ्या लांब जातात.

कोणता आठवडा, यावर घरात बरीच चर्चा झाली. सीझन साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. जूनमध्ये बर्फाची खात्री नाही. जुलैमध्ये चिली आणि ब्राझील दोन्हीकडच्या शाळांना सुट्ट्या, म्हणजे रेट चढे आणि पोरंबाळं भरपूर. सप्टेंबरमध्ये दिवस मोठे, ऊन छान, पण दुपारी बर्फ ओला होतो. मला ऑगस्टचा दुसरा पंधरवडा हवा होता आणि नेमके त्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, शिवाय मंडळाच्या प्रसादाच्या कमिटीत मी आहे, म्हणजे मोदकांचा हिशोब माझ्याकडे. शेवटी गणपतीच्या आदल्या शनिवारी खाली उतरायचं आणि रविवारी रात्रीच्या विमानाने निघून सोमवारी सकाळी डॅलस असं बसवलं. हवामानाच्या अंदाजावर एवढ्या आधी काहीच ठरवता येत नाही, एल निन्योच्या वर्षी मध्य चिलीत बर्फ जास्त पडतो आणि ला निन्याच्या वर्षी कमी एवढा ढोबळ नियम आहे, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिकडे दुष्काळच जास्त. नवरा रोज रात्री जेवल्यावर प्रशांत महासागराचं तापमान बघत बसायचा. त्याने बर्फ वाढला नाही, पण तो बिझी राहिला.

खोलीचं गणित वेगळं. मुख्य हॉटेलमध्ये तळ्याकडच्या आणि दरीकडच्या अशा खोल्या, तळ्याकडच्या महाग. त्याशिवाय ऑक्टॅगन लॉज आहे, तिथे चार बंक बेडची खोली, जेवण मात्र मुख्य डायनिंग रूममध्येच, आणि अजून स्वस्त इंका लॉज, तिथे बाथरूम सामाईक आणि जेवण कॅफेटेरियात. आम्ही चौघं, चार बंक, स्वस्तात मस्त, असा नवऱ्याचा हिशोब. वहिनी म्हणाली, "तुमच्या दादांना रात्री वरच्या बंकवरून उतरताना बघायचंय का तुम्हाला?" तो विषय तिथेच मिटला. दादा-वहिनीला तळ्याकडची खोली घेतली, कारण दिवसभर खोलीत किंवा खिडकीशी बसणारं माणूस वहिनीच होती, आणि आम्ही दरीकडची घेतली. स्की न करणारं माणूस बरोबर असेल तर खोलीवर पैसे घालावेत, हे मी कुणालाही सांगेन. खोलीत टीव्ही नसतो. गरम पाण्याचा उघडा पूल आहे, योगाचा क्लास असतो, खाली गेम रूम, छोटं थिएटर. वहिनीने पुण्याहून दोन जाड दिवाळी अंक आणले होते, गेल्या वर्षीचे, न वाचलेले.

सगळ्यात जास्त वाद झाला तो रस्त्यावरून. पोर्तियोला जायचा रस्ता एकच, लोस आंदेस गावावरून वर जाणारा. चिली आणि अर्जेंटिनामधली ट्रकची मोठी वाहतूक याच रस्त्याने मेंदोसाकडे जाते, शेवटी काराकोलेस म्हणून एकावर एक वळणांची चढण आहे आणि बर्फ जोरात पडला की हा रस्ता सरळ बंद करतात. कधी तासांसाठी, कधी दिवसांसाठी. डॅलसहून सांतियागोला थेट विमान आहे, रात्रभराचं, सकाळी उतरतं, आणि तिथल्या आणि आपल्या वेळेत त्या दिवसांत एकाच तासाचा फरक, त्यामुळे झोपेचा फार गोंधळ होत नाही. नवऱ्याचं म्हणणं, शुक्रवारी रात्री निघू, शनिवारी सकाळी उतरू, तिथूनच वर. मी म्हटलं गुरुवारी निघायचं, शुक्रवारची रात्र सांतियागोत, आणि परतताना शनिवारची रात्रही सांतियागोत. "दोन रात्रींचे पैसे फुकट," तो म्हणाला. मी गप्प बसले आणि रद्द करता येणारी खोली बुक करून टाकली. गाडी भाड्याने घ्यायची नाही यावर मात्र एकमत झालं, चाकांना साखळ्या बांधत बर्फात गुडघ्यावर बसायचं कुणाच्याच मनात नव्हतं, ठरलेल्या दिवशी विमानतळावरून आणि शहरातून व्हॅन जातात, तीच घेतली. अकोंकाग्वा बघायचं दादाच्या डोक्यात होतं, ६,९६१ मीटरचा डोंगर, सीमेच्या पलीकडे लगेचच. पण हिवाळ्यात ती खिंड कधी उघडी कधी बंद, वर इमिग्रेशनची रांग, तो नाद सोडून दिला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. आमचे पासपोर्ट अमेरिकन, काही लागलं नाही. दादा-वहिनीच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, भरपूर मुदतीचा, आणि तो असला की चिलीचा वेगळा लागत नाही. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी वकिलातीकडे विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. इन्शुरन्स घेताना त्यात स्कीइंग आहे का आणि हेलिकॉप्टरने खाली न्यायची वेळ आली तर तो खर्च आहे का, हे दोन्ही बारीक अक्षरांत जाऊन वाचलं, कारण बऱ्याच स्वस्त पॉलिसीत स्कीइंग चक्क वगळलेलं असतं. विदेशी माणसाने परकीय चलनात किंवा बाहेरच्या कार्डाने हॉटेलचं बिल भरलं तर चिलीतला १९ टक्के कर लागत नाही, त्यासाठी पासपोर्टबरोबर देशात शिरताना मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी दाखवावी लागते. ती चिठ्ठी इतकी फालतू दिसते की कुणीही कचऱ्यात टाकेल. मी चौघांच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि माझ्या पाकिटात ठेवल्या.

उंचीचा प्रश्न दादासाठी होता, त्याला बीपी आहे. कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजचा पायथा साधारण याच उंचीवर, तिथे आम्हाला पहिल्या दिवशी डोकं जड होण्यापलीकडे काही झालेलं नाही, पण दादाने डॉक्टरांना विचारून घेतलं आणि पहिल्या रात्री वाइन नाही हे वहिनीने परस्पर ठरवून टाकलं. सामानात आम्ही फक्त बूट आणि हेल्मेट नेलं, स्की तिथेच भाड्याने. बूट दुसऱ्याचे घालून आठवडा काढणं म्हणजे शिक्षा आहे, स्की कुणाच्याही चालतात. वीज तिकडे २२० व्होल्ट, दोन गोल पिनांचं सॉकेट. आम्ही अमेरिकेतून ॲडॅप्टर शोधत बसलो आणि दादाचा पुण्याचा चार्जर तिथे फटकन बसला.

आणि खाणं. वहिनी शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. हॉटेलला ईमेल केला, नुसतं व्हेजिटेरियन न लिहिता काय चालत नाही ते एकेक करून लिहिलं, मासे नाही, चिकनचं सूप नाही, अंडं नाही, दूध-चीज-लोणी चालतं. दोन दिवसांत उत्तर आलं की जमेल. तरी वहिनीचा जीव राहीना. तिने डॅलसच्या आमच्या किचनमध्ये पिशवी भरायला घेतली, चिवडा, बेसनाचे लाडू, लिंबाचं लोणचं, मेतकूट, वरून कच्चे शेंगदाणे, तीळ आणि कढीपत्त्याची जुडी. चिलीत शेतीच्या मालाबद्दल फार कडक असतात, विमानतळावर शेतकी खात्याची माणसं सगळ्या बॅगा एक्स-रेमधून काढतात आणि न सांगता फळ, बी-बियाणं, मध असलं काही सापडलं तर दंड. सांगितलं तर जास्तीत जास्त वस्तू ठेवून घेतात. म्हणून मी कढीपत्ता, तीळ आणि शेंगदाणे बाहेर काढले, उरलेल्याची फॉर्मवर "हो" अशी नोंद केली आणि वहिनीला म्हटलं, विचारलं तर सगळं दाखवायचं, लपवायचं काही नाही. विमानतळावर युनिफॉर्ममधल्या बाईने पिशवी उघडली. लाडूचा डबा उघडून बंद केला. चिवडा हलवून बघितला. मेतकुटाच्या पुडीवर मात्र थांबली, पिवळसर पावडर, पारदर्शक पिशवीत, रबरबँड लावलेली, म्हणजे बघा. तिने वास घेतला आणि आमच्याकडे बघितलं. नवऱ्याला थोडं स्पॅनिश येतं, तो म्हणाला, "आरिना तोस्तादा." भाजलेलं पीठ. चिलीत भाजलेल्या गव्हाचं पीठ घरोघरी असतं, दुधात किंवा पाण्यात कालवून खातात. बाई हसली, रबरबँड परत नीट लावलं आणि पुढे जा म्हणून हात केला. वहिनी पुढचा अर्धा तास एवढंच म्हणत होती, "यांच्याकडे पण असतं गं."

सांतियागोतल्या त्या शुक्रवारच्या रात्री वर बर्फ पडत होता आणि रस्ता बंद होता. शनिवारी सकाळीही बंद. लोस आंदेसच्या अलीकडेच रस्त्याच्या कडेला ट्रक लागलेले, ड्रायव्हर लोक खाली उतरून गॅसवर चहापाणी करत होते. दुपारनंतर सोडलं. वळणांच्या आधी व्हॅनवाल्याने साखळ्या चढवल्या, बाहेर उतरून, हातमोजे दातात धरून, आणि नवरा खिडकीतून ते बघत बराच वेळ काही बोलला नाही. रद्द करता येणाऱ्या खोलीचा विषय त्याने परत काढलेला नाही.

डायनिंग रूममध्ये आठवडाभर तुमचं टेबल ठरलेलं आणि वेटरही तोच. पहिल्याच जेवणाला त्याच्या हातात वहिनीच्या न चालणाऱ्या गोष्टींची यादी होती, माझ्या ईमेलमधली जशीच्या तशी. मेतकूट तरी दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याला टेबलावर आलंच, दह्यात कालवून, आणि वेटरने चमचाभर चाखून मान डोलावली.

मला धाकधूक होती ती तिथल्या लिफ्टची. काही उतारांवर हिमस्खलन इतकं येतं की लिफ्टचे खांब टिकणारच नाहीत, म्हणून तिथे व्हा-ए-व्हिएन नावाचा प्रकार आहे. पाच जण एका ओळीत उभे राहतात, प्रत्येकाच्या पायांमध्ये एक चकती, आणि दोरी पाचही जणांना एकदम वर ओढते, चांगल्या वेगात. वर पोचलं की ती उतारावरच थांबते, एकेकाने चकती सोडून बाजूला व्हायचं, आणि एक जरी आधी पडला तरी बाकीच्यांची वाट लागते. आमच्याबरोबर तीन ब्राझीलचे भाऊ होते. त्यांनी आम्हाला मध्ये घेतलं, मोठ्याने तीन-दोन-एक म्हणाले आणि आम्ही निघालो ते पोटात गोळा आणत रोका जॅक नावाच्या उताराच्या निम्म्यावर पोचेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते. दादा दुसऱ्या ओळीत होता. तो वरून खाली येताना ज्या आवाजात ओरडत आला, तो आवाज मी लहानपणी फक्त क्रिकेटच्या मॅचला ऐकलाय.

मंगळवारी दुपारी वारा सुटला आणि रात्री खिडक्या वाजायला लागल्या. बुधवारी सकाळी तळं दिसेना, लिफ्ट बंद, रस्ता बंद. अर्धा आठवडा घेतलेली मंडळी बॅगा घेऊन रिसेप्शनपाशी जमली होती, कुणी एअरलाइनशी फोनवर भांडत होतं, कुणी नुसतं काचेतून बाहेर बघत होतं, आणि त्यांच्या खोल्यांत येणारे लोक खाली लोस आंदेसमध्ये अडकलेले. दादाने तो सगळा प्रकार जिन्यात उभं राहून नीट बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा किती वाजता असतो म्हणालीस?"